अंबगुळीचं ओलं वजन

शगुफ्ताला चूक सापडली ती बुधवारी दुपारी, तिसऱ्या आणि पाचव्या तासाच्या मधल्या मोकळ्या वेळात. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. प्रबंधाचं चौथं प्रकरण पुढ्यात, बाजूला पाच वर्षांपूर्वीची कच्ची वही. सातव्या तक्त्यातले आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडून बघायचे, एवढंच काम होतं. डोकं न लावता करता येईल म्हणून तिनं ते एखाद्या दमलेल्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. तिचे सगळेच दिवस दमलेले असल्यामुळं हा दिवस यायला फार वाट बघावी लागली नाही.

भोरच्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, नवी नेमणूक; अशी चौदा वर्षं झाली होती. पीएचडी झाली तर कायम होता येईल, या आशेवर तिनं पस्तिशीत विद्यापीठात नाव नोंदवलं. आता बेचाळीस चालू होतं. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदतवाढ मार्चअखेर संपत होती. पाच दिवस भोरला तास, शनिवारी एसटीनं पुण्याची प्रयोगशाळा, रविवारी धुणी आणि सासऱ्यांचं साखरेचं पथ्य. मागं एकदा डॉक्टरांनी विचारलं होतं, शेवटची सुट्टी कधी घेतली. तिला खरंच आठवलं नव्हतं.

तिचा विषय होता अंबगुळी. डोंगर उतरून खाली आलं की हे नाव कुणाला सांगून कळत नाही. काटेरी, आडवीतिडवी पसरणारी रानवेल. दुसऱ्या झाडावर चढते, नाहीतर बांधावर लोळते. पानाची मागची बाजू चंदेरी. फेब्रुवारी-मार्चात फळ पिकतं, बोटाच्या पेराएवढं, गुलाबी-लाल, अंगावर चांदीची भुकटी उडाल्यासारखे बारीक ठिपके. चव आंबट, मागून थोडी गोड. गुराख्यांनी खायचं, पाखरांनी खायचं, उरलेलं मातीत जायचं. त्या लालीत लायकोपीन असतं, टोमॅटोला लाल करणारं तेच द्रव्य. शरीरातल्या पेशींची झीज रोखायला ते मदत करतं असं मानतात. अंबगुळीत ते किती आहे, हे मोजायचं शगुफ्तानं ठरवलं होतं.

फळ आणायचं कुठून, हे तिला फुलाबाईनं दाखवलं. फुलाबाई गुंजवण्याची. साठीच्या पुढची, अंगानं काटक, बोलायला फटकळ. तिच्या घरचं भाताचं खाचर धरणात गेलं होतं. राहिला होता वरचा माळ आणि त्याच्या बांधावरच्या वेली. राजगडावर जाणाऱ्यांना ती पानाच्या द्रोणात रानमेवा विकायची. तिथंच शगुफ्तानं पहिल्यांदा तिच्याकडून तीन द्रोण अंबगुळी घेतली आणि अजून पाच किलो पाहिजे म्हणाली, तेव्हा फुलाबाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं होतं.

"पाच किलो? लगीन हाय का कुनाचं?"

"नाही मावशी, तपासायचंय. आत काय काय असतं ते."

"आत बी असती," फुलाबाई म्हणाली होती. "आन् वर काटं. चल, दावते."

वेलीखाली जुनं लुगडं अंथरायचं आणि काठीनं हलक्या हातानं झोडायचं, हे तिनं शिकवलं. हात लावताच सुटलं तर फळ पिकलं, ओढावं लागलं तर राहू दे, हेही तिनंच. ते वाक्य शगुफ्तानं प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात, नमुने कसे गोळा केले त्या भागात, साध्या शब्दांत लिहिलं होतं.

पहिल्या वर्षी फळं भोरला आणली तर कॉलेजचा फ्रीज बंद पडलेला, आणि वर परीक्षेचं सुपरव्हिजन. फळं सडायच्या आत ती पुण्याला पोचवली आणि तिथल्या यंत्रात गोठवून सुकवून ठेवली. मोजमाप झालं चार महिन्यांनी. आकडा आला तो बघून सर, म्हणजे तिचे गाईड, खुर्चीतून उठले होते. टोमॅटोच्या सहापट. दुसऱ्या वर्षी ताजी फळं मोजली तर आकडा एकदम खाली. लायकोपीन उजेडानं आणि उष्णतेनं बिघडतं. बाटल्यांना गुंडाळलेली फॉइल कुठंतरी फाटली असणार, असं सर म्हणाले आणि तिलाही ते पटलं. तिनं त्या पानावर लाल शाईनं ‘नमुना खराब’ असं लिहून फुली मारली. पहिल्या वर्षीचा आकडा राहिला.

तोच आकडा सरांनी एका परिषदेत मांडला. मग तो पेपरात आला. ‘सह्याद्रीतल्या रानफळात टोमॅटोच्या सहापट गुण’. सासऱ्यांनी, इस्माईल अब्बांनी, ते कात्रण घडी घालून खिशात ठेवलं आणि भोरच्या चौकात चहाला बसेल त्याला दाखवायला सुरुवात केली. बातमी वाचून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचा माणूस आला. इंद्रजित नाव, तरुण, बोलायला मऊ. अंबगुळीची पूड करून कॅप्सूल काढायची, फळ गुंजवण्याच्या बायकांकडून घ्यायचं, असं त्याच्या मनात होतं. शगुफ्तानंच त्याला फुलाबाईकडं नेलं. फुलाबाईनं अकरा बायकांचा गट केला. माळावरची वरई त्या वर्षी पेरली नाही. तिथं दोनशे रोपं लावली, खड्डे खणून, खालून डोक्यावर पाणी नेऊन. त्यालाही आता दीड वर्ष झालं होतं.

आणि आता ती वही. पाच वर्षांपूर्वीच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: सुकवलेलं, दहा ग्रॅम. तक्त्यात मात्र नुसतंच ‘वजन’. शेजारी टोमॅटोचा आकडा, पुस्तकातून घेतलेला, आणि तो ताज्या टोमॅटोचा.

 शगुफ्तानं पानाच्या मागं हिशेब मांडला. शंभर ग्रॅम ताज्या अंबगुळीत त्र्याऐंशी ग्रॅम पाणी. ते पाणी काढून टाकलेल्या फळाची तिनं पाण्यानं भरलेल्या टोमॅटोशी तुलना केली होती. पाणी परत घातलं, तर सहापटीचं एकपट होत होतं. टोमॅटोइतकंच. केसभर इकडं किंवा तिकडं.

तिनं दुसऱ्या वर्षीची वही काढली. लाल फुलीखालचा आकडा वाचला. तो तंतोतंत जुळला. जे तिनं खराब म्हणून टाकून दिलं होतं, तेच बरोबर होतं.

ही चूक कुठं झाली तेही तिला आठवलं. शिवापूर ते कापूरहोळ, एसटीच्या खिडकीशी, मांडीवर वही ठेवून तिनं ती तुलना केली होती, कारण दुसरा वेळ नव्हता. पाचव्या तासाची घंटा झाली. ती उठली, वर्गात गेली आणि चाळीस मिनिटं द्रावणाची तीव्रता शिकवली.  

शनिवारी तिनं सरांपुढं दोन्ही वह्या ठेवल्या. सरांनी आधी वाचलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि परिषदेच्या व्यासपीठावर उभं राहून ‘सहापट’ हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता.

"ही चूक नाही म्हणता येणार," ते सावकाश म्हणाले. "आधार वेगळा आहे, इतकंच. तक्त्याखाली टीप टाक. ‘शुष्क वजनावर आधारित.’ बारीक अक्षरात. मग खोटं काहीच उरत नाही."

"आणि टोमॅटो, सर?"

"टोमॅटो पुस्तकातला आहे. संदर्भ दिलाय आपण."

"लोक ओलं फळ खातात, सर."

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "मार्चअखेरीला किती दिवस आहेत?"

"त्रेचाळीस."

"तक्ता बदलला की निष्कर्ष बदलतो. निष्कर्ष बदलला की सारांश. शीर्षकात आपण ‘समृद्ध स्रोत’ लिहिलंय, ते काढायचं तर समितीपुढं जावं लागतं. त्रेचाळीस दिवसांत होईल तुझ्याच्यानं? शिकवून, घर सांभाळून?"

"माहीत नाही."

"मग विचार कर. मी नाही म्हणत नाही. पण विचार कर."

परतीच्या एसटीत तिनं विचार केला नाही. डोकं खिडकीच्या गजाला टेकवून बसली आणि दर खड्ड्याला ते गजावर आपटत राहिलं. ‘शुष्क वजनावर आधारित’. किती सोपं होतं ते. तीन शब्द. संगणकावर दहा सेकंदांचं काम, आणि मग सात वर्षांनी एखादा रविवार मोकळा.

ती कापूरहोळला उतरली. फाट्यापासून थोड्या अंतरावर तिच्या नवऱ्याचं, एहसानचं, बॅटरीचं दुकान होतं. शनिवारी ती तिथं थांबायची आणि दोघं मिळून भोरला जायचे. एहसान एका ट्रकची बॅटरी चार्जिंगला लावत होता. तिचा चेहरा बघून त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि शेजारच्या हॉटेलवाल्याला हातानं दोनची खूण केली. चहा आला. मग तिनं सगळं सांगितलं. पाणी, सुकवणं, टोमॅटो.

रसायनशास्त्र त्याला येत नव्हतं. पण तो मधेच थांबून म्हणाला, "म्हणजे भंगारातल्या बॅटरीसारखं झालं."

"कसं?"

"जुनी बॅटरी भंगारात जाते, ती तोलून. ॲसिडसकट तोललेलीचा भाव वेगळा, कोरडीचा वेगळा. कोरडीचा भाव सांगून कुणी भरलेली दिली, तर घेणारा पाण्याचे पैसे मोजतो. मग भांडण होतं."

"अगदी तसंच."

"मग आता भांडण कुणाशी होणार? कंपनीशी?"

"कंपनीला सर कळवतील, माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत. फुलाबाईंना कुणी कळवणार नाही. रोपं तशीच वाढत राहतील आणि कंपनीची गाडी येणार नाही. आणि टीप टाकून गप्प बसले, तर गाडी येईल. डब्यावर सहापट छापलेलं असेल."

एहसाननं काळ्या फडक्यानं हात पुसले. "तुझं ठरलंय."

"हो."

"मग मला विचारत का होतीस?"

"विचारत नव्हते. कुणालातरी सांगत होते."

"बरं," तो म्हणाला. "वडापाव मागवतो. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

रात्री जेवताना तिनं अब्बांनाही सांगितलं. ते घास हातात धरून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी खिशातलं कात्रण काढलं, घडी उलगडली, चष्म्याशिवाय दिसत नसतानाही थोडं बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवून दिलं.

"अब्बा, ते चूक आहे आता."

"असू दे," ते म्हणाले. "फोटो तुझाच आहे ना."

दुसऱ्या दिवशी ती गुंजवण्याला गेली. नसरापूरला एसटी बदलायची, मार्गासनीला उतरायचं, पुढं मिळेल त्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं. फळांचे दिवस जवळ आले होते. फुलाबाई माळावर रोपांच्या आळ्यांत पाचोळा घालत होती. रोपं आता कमरेएवढी झाली होती. बऱ्याच ठिकाणी काठ्या रोवून त्यांना वर चढवलं होतं. आणखी दोन वर्षांनी फळ धरलं असतं.

"आज ऐतवारचं आलीस, शगुबाय," फुलाबाई म्हणाली. "फळ अजून आठ दिस मागं हाय. कशापायी आलीस?"

शगुफ्ता बांधावर बसली. येताना तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही वापरता आलं नाही. "मावशी, माझ्याकडून चूक झाली. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, टोमॅटोच्या सहापट. तेवढं नाहीये."

"मंग किती हाय?"

"टोमॅटोइतकंच."

फुलाबाईनं हातातला पाचोळा खाली टाकला. "एवढं वरून खाली कसं आलं?"

"मी सुकलेलं फळ तोललं आणि ओल्या टोमॅटोशी ताडलं. सुकलं की फळाचं वजन जातं, आतलं तेवढंच राहतं, म्हणून जास्त दिसतं. ओली मच्छी आणि सुकी मच्छी एका तराजूत घालतो का आपण? मी घातली."

"आन् ही कवा कळलं तुला?"

"बुधवारी."

 फुलाबाई बोलली, ती आवाज न चढवता. "म्या दारोदार हिंडले, ठाव हाय तुला? रत्नाची सासू न्हाई म्हनत व्हती. तिला म्या म्हनले, बाय कालेजात शिकिवती, यंत्रावर बघून सांगितलंया, खोटं कसं व्हईल. वरई सोडली आमी. आख्खा उनाळा डोक्यावर पानी व्हायलं. आन् तू आता येतीस, आन् म्हनतीस टोमॅटोइतकंच."

"हो."

"कंपनी येनार का?"

"बहुतेक नाही येणार."

"मंग बायांना कोन सांगनार? म्या न्हाई सांगनार. तू सांग. आत्ता चल."

तिनं सांगितलं. देवळाच्या ओट्यावर नऊ बायका जमल्या. दोघी माहेरी गेल्या होत्या. शगुफ्ता उभी राहून बोलली, कारण बसून बोलायचा तिला धीर झाला नाही. फळ चांगलंच आहे, खाण्यासारखं आहे, त्यात वाईट काही निघालेलं नाही, एवढंच की टोमॅटोपेक्षा जास्त नाही. चूक फळाची नाही, गावाची नाही, माझी आहे. सरांनी टीप टाकून भागवायला सुचवलं होतं, तेही तिनं लपवलं नाही.  एक म्हातारी पदरानं तोंड पुसत राहिली. खाली रस्त्यावरून गडावर जाणाऱ्यांची एक गाडी गेली.

मग रत्ना बोलली. तिशीची, शिकलेली, गटाचं लिहायचं काम तीच करायची. "म्याडम, एक इचारू? कंपनीला ही ठाव हाय का?"

"अजून नाही."

"आमाला ठाव नव्हतं. पेपरवाल्याला न्हाई. तुमच्या सरांना चालत व्हतं म्हनताय. मंग तुमी गप का न्हाई बसला?"

शगुफ्ता तिच्याकडं वळली. "उद्या कुणीतरी दुसरं मोजेल. मोजणारच. तेव्हा डब्यावर छापलेलं खोटं निघालं, तर लोक कंपनीला नाही, फळाला नावं ठेवतील. तुमच्या गावाला ठेवतील."

"ती पुढचं झालं. तवर आमचं चार पैसं झालं असतं."

"झाले असते," शगुफ्ता म्हणाली.

रत्ना उठली, पदर खोचला आणि घराकडं निघून गेली. तिच्यामागं एकेक करून बाकीच्या गेल्या. एकीनं जाताना शगुफ्ताच्या खांद्याला हात लावला.

फुलाबाई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. जीप यायला वेळ होता. दोघी एका दगडावर बसल्या, मधे हातभर जागा सोडून.

"आता काय दिस हिकडं तोंड दावू नगंस," फुलाबाई म्हणाली. "बायांचं डोकं शांत हू दे. माझं बी."

"बरं."

"प्वाट भरलंय का तुझं?"

"हो," शगुफ्ता खोटं बोलली.

पुढचे सहा आठवडे तिला नीट आठवत नाहीत. समितीचा अर्ज, सह्या, शीर्षकातले दोन शब्द काढायचे म्हणून पुण्याच्या तीन फेऱ्या. वर्गात शिकवताना मधेच वाक्य विसरायची. चौथं प्रकरण तिनं पुन्हा लिहिलं. त्यात दोन्ही वर्षांचे आकडे घातले, लाल फुलीचं वर्षही, आणि पहिल्या तुलनेत काय चुकलं तेही एका परिच्छेदात सरळ मांडलं. सरांनी तो परिच्छेद वाचला. "इतकं उघड लिहायची गरज नव्हती," म्हणाले. पण सही केली. तिच्याकडं न बघता केली. परिषदेच्या लोकांना दुरुस्तीचं पत्र पाठवायचं त्यांनी कबूल केलं आणि मे महिन्यात खरंच पाठवलं. ते कुठं छापून आलं नाही.

इंद्रजितचा फोन आला तेव्हा ती भोरच्या बाजारात कोथिंबीर घेत होती. तो रागावला नव्हता. "मॅडम, लेबल तयार होतं आमचं," एवढंच दोनदा म्हणाला. मग त्यानं विचारलं, पूड करून विकली तर ती सुकीच असते ना, मग सुक्याचा आकडा लिहिला तर काय चुकलं. प्रश्न बरोबर होता. तिनं सांगितलं, लिहा, पण मग शेजारी सुक्या टोमॅटोचाच आकडा लिहावा लागेल. टोमॅटोची पूड करून बघा, ती स्वस्त पडेल. त्यानं आभार मानून फोन ठेवला. पंधरवड्यानं निरोप आला, प्रकल्प सध्या पुढं ढकलला आहे. पुढं तो कधी आला नाही.

प्रबंध अठ्ठावीस मार्चला जमा झाला. तोंडी परीक्षा सप्टेंबरात झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई साठीच्या, आवाजानं कडक. त्यांनी प्रकरण उलटून पाहिलं आणि विचारलं, "टोमॅटोइतकंच आहे, तर मग हे फळ सात वर्षं कशाला मोजलंत?"

"आधी कुणी नीट मोजलं नव्हतं," शगुफ्ता म्हणाली. "मी पण पहिल्या वेळी नीट मोजलं नव्हतं."

बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

तिच्या नावामागं डॉक्टर लागलं. अब्बांनी चौकात पेढे वाटले. कॉलेजात कायम पदाची जाहिरात त्या वर्षीही निघाली नाही. पुढच्या जूनच्या अर्जात शिक्षणाच्या रकान्यात एक ओळ वाढणार होती, बाकी अर्ज तोच.

गुंजवण्याची बातमी तिला अधूनमधून कळायची. मे महिन्यात पाणी घालायची पाळी मोडली. कुणी कुणाला बोलावलं नाही आणि माळावरची निम्म्याहून जास्त रोपं वाळली. रत्नाच्या सासूनं आपल्या वाट्याच्या जागेत पुन्हा वरई पेरली. उरलेली साठएक रोपं फुलाबाईनं एकटीनं जगवली, असं जीपवाल्यानं सांगितलं. शगुफ्ता तिकडं गेली नाही. आधी फुलाबाई नको म्हणाली होती म्हणून, नंतर आपल्याला काय तोंड आहे म्हणून.

फेब्रुवारीच्या शेवटी फुलाबाईचाच फोन आला, शेजारच्या कुणाच्या मोबाईलवरून.

"शगुबाय, जिवंत हाईस का?"

"आहे, मावशी."

"ऐतवारी ये. पाटी लिहायचीया. येताना जाड पेन आन, रंगाचं. हितली समदी वाळल्यात."

ती गेली. गडाच्या वाटेवर फुलाबाईनं चार बांबूंचा एक मांडव घातला होता. खाली टोपलीत अंबगुळी, शेजारी मिठाची वाटी आणि रचून ठेवलेले द्रोण. बरोबर रत्नाही होती. तिनं शगुफ्ताकडं पाहिलं, हसली नाही, पण बसायला पोतं टाकलं. गटातल्या चौघी आता पाळीपाळीनं इथं बसायच्या. फळं जुन्या बांधावरच्या वेलींची होती. नवी रोपं अजून धरली नव्हती.

फुलाबाईनं एका फळकुटाला चुना मारून ठेवला होता. "लिव्ह," ती म्हणाली. "पर खरं लिव्ह. मागनं येऊन पुसायचं न्हाई."

"काय लिहू?"

"ती तुझं लायको का काय, ती लिव्हता येतं का?"

"येतं. टोमॅटोइतकं असतं असं लिहिता येईल."

रत्ना पहिल्यांदा बोलली. "टोमॅटोइतकं हाय म्हनून कोन घेतंय?"

"कुणी नाही," शगुफ्ता म्हणाली.

मग तिघींनी मिळून ठरवलं. फळकुटावर तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं: अंबगुळी. इथल्या रानातली. आज तोडलेली. मीठ लावून खावी. ‘तोडलेली’वर फुलाबाईनं हरकत घेतली, तोडत नाहीत, झोडतात, म्हणून ते खोडून ‘आज काढलेली’ केलं. चुन्यावर रंग पसरत होता, त्यामुळं अक्षरं जरा फुगली. वाचता येत होती.

दुपारपर्यंत दोन टोपल्या संपल्या. ऊन चढलं, वाट रिकामी झाली. शगुफ्ता मांडवाच्या सावलीत पोत्यावर बसली होती. फुलाबाई रत्नाला कुणाच्यातरी म्हशीचं काहीतरी सांगत होती आणि शगुफ्ता ऐकत होती. मधेच कधीतरी तिचं ऐकणं थांबलं. डोकं बांबूला टेकलं, हातातलं पेन सुटलं. दोन वाजता मार्गासनीची जीप वरून भोंगा वाजवत आली. रत्ना तिला हलवायला उठली.

"राहू दे," फुलाबाई म्हणाली. "पाचला हाय की दुसरी."

जीप धुरळा उडवत निघून गेली. फुलाबाईनं शगुफ्ताच्या तोंडावर येणारं ऊन बघून मांडवावरचं फाटकं लुगडं एका बाजूला ओढून घेतलं आणि उरलेली फळं निवडायला बसली.